शेजारच्या घरात धंदा, त्रास आपल्या घरात : सोसायटीत नव्याने राहायला आलेल्यांसाठी

नव्या फ्लॅटमध्ये सामान लागतं, देवघर मांडून होतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पहाटे पावणेपाचला भिंतीतून घरघर ऐकू येते. शेजारी वड्याचं पीठ वाटायला ग्राइंडर लागलेला असतो. आठ वाजता लिफ्टमध्ये तळणीचा वास, दारासमोर कांद्याची पोती, आणि एखाद्या रविवारी बाथरूमच्या जाळीतून वर आलेलं तेलकट पाणी.

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत मी नऊ वर्षं सेक्रेटरी होते. नव्याने आलेल्या कुटुंबांकडून पार्किंगखालोखाल सगळ्यात जास्त तक्रारी याच आल्या. बहुतेकांचा पहिला अर्ज सारखाच असायचा : "यांचा धंदा बंद करा." असा अर्ज पुढे सरकत नाही, कारण घरून काम करून चार पैसे मिळवणं हा गुन्हा नाही. "रोज पहाटे पावणेपाच ते साडेपाच ग्राइंडरचा हादरा माझ्या मुलाच्या खोलीत येतो" हा अर्ज मात्र सरकतो. तक्रार त्रासाची करायची, धंद्याची नाही. हे एकदा मनात पक्कं केलं की पुढच्या पायऱ्या सोप्या होतात.

पहिली पायरी : पंधरा दिवस वहीत नोंद

आल्या आल्या दार वाजवू नका. एक साधी वही घ्या आणि तारीख, वेळ, काय झालं, किती वेळ चाललं, एवढंच लिहा. "फार त्रास होतो" असं लिहू नका. "१२ तारीख, पहाटे ४.५० ते ५.३५, ग्राइंडर" असं लिहा. पंधरा दिवसांत चित्र स्पष्ट होतं. कित्येकदा असं दिसतं की त्रास रोजचा नाही, फक्त शनिवार-रविवारचा आहे. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे फराळाच्या ऑर्डरी असतात, तेव्हा तळण दिवसभर चालतं आणि भाऊबीजेनंतर थांबतं. वर्षभराचा त्रास आणि तीन आठवड्यांचा त्रास यांवरचे उपाय वेगळे.

याला एक अपवाद आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे. जिन्यात, पॅसेजमध्ये किंवा बंद बाल्कनीत गॅसची टाकी ठेवलेली दिसली, किंवा जिना सामानाने अडलेला दिसला, तर पंधरा दिवस थांबायचं नाही. त्याच दिवशी बोलायचं आणि त्याच दिवशी कमिटीला लेखी कळवायचं. आग लागली तर माणसं त्याच जिन्याने खाली येणार आहेत.

दुसरी पायरी : काय चालतं आणि काय चालत नाही

शिवणकाम, शिकवणी, डबे, केक, साडीला फॉल-बिडिंग, ऑनलाइन साड्यांची विक्री. महाराष्ट्रातल्या कुठल्याही इमारतीत यातलं काहीतरी चालू असतंच. शहरांच्या विकास नियंत्रण नियमावल्यांमध्येही राहत्या घरातून छोटा व्यवसाय करायला मर्यादेत मुभा असते. कुटुंब तिथेच राहतंय, घराचा एक भाग कामाला वापरतंय आणि इतरांना उपद्रव नाही, तिथे कोणी हात लावणार नाही. पण कुटुंब दुसरीकडे राहायला गेलं, फ्लॅटचा पूर्ण कारखाना झाला आणि पाच कामगार पाळीने येऊ लागले, तर तो वापरातला बदल होतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली त्यावर महापालिका नोटीस काढू शकते.

सोसायटीच्या बाजूने आधार असतो तो उपविधींचा, म्हणजे सोसायटीच्या स्वतःच्या नियमावलीचा. इतर सदस्यांना उपद्रव, त्रास किंवा गैरसोय होईल असं काही सदस्याने आपल्या फ्लॅटमध्ये करू नये, अशी तरतूद आदर्श उपविधींमध्ये आहे. ते थांबवायला कमिटी स्वतःहून किंवा तक्रारीवरून पावलं उचलू शकते. तुमच्या सोसायटीच्या उपविधींची प्रत मागून घ्या आणि ते पान वाचा. वॉट्सअॅपवर फिरणाऱ्या "नियमां"वर विसंबू नका.

खाण्यापिण्याचा व्यवसाय असेल तर आणखी दोन गोष्टी कळाव्यात. पहिली, घरगुती असला तरी अन्न व्यवसायाला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते आणि तिचा क्रमांक १४ अंकी असतो. दुसरी, घरगुती वापराची १४.२ किलोची लाल टाकी व्यवसायासाठी वापरता येत नाही. त्यासाठी १९ किलोची व्यावसायिक टाकी असते. आवाजाचा प्रश्न असेल तर ध्वनिप्रदूषण नियम, २००० आठवावेत. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते पहाटे सहा. पावणेपाचचा ग्राइंडर रात्रीतच मोडतो. ही माहिती खिशात राहू द्या. पहिल्या भेटीत ती काढायची नाही.

तिसरी पायरी : दारात जाऊन बोलणं

निम्म्याहून जास्त प्रकरणं इथेच मिटतात, हा माझा अनुभव. पण बोलायचीही वेळ असते. सकाळी डबे भरायची गडबड चालू असताना दार वाजवलं तर समोरचं माणूस चिडणारच. खाण्याचा धंदा असेल तर दुपारी तीन ते पाच ही वेळ बरी, तेव्हा ओटा आवरून झालेला असतो. घरातलं एकच माणूस जावं, फार तर जोडीने. पाच शेजाऱ्यांना घेऊन गेलात तर मोर्चा आला असं वाटतं. आणि आधी वॉट्सअॅप ग्रुपवर टाकून मग भेटायला जाणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. चारचौघांत एकदा अपमान झाला की माणूस दार उघडतो, पण ऐकत नाही.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू इडली-वड्याच्या ऑर्डरी घेतात. शेजारच्या फ्लॅटमध्ये नवं जोडपं आलं, सहा महिन्यांचं बाळ. मुलगी रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली. मी तिला म्हटलं, आधी तू एकटी जा, बाळाला घेऊन जा. तिने दारात जाऊन जे म्हटलं ते मला नंतर काकूंनीच सांगितलं : "काकू, तुमचं काम बंद व्हावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण पहाटे ग्राइंडर लागला की हा दचकून उठतो आणि मग सहापर्यंत झोपत नाही. थोडं ऐकून बघता का आमच्या खोलीत येऊन?"

काकू दुसऱ्या दिवशी पहाटे खरंच त्यांच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. मुलाला सांगून आल्या होत्या, ग्राइंडर चालू कर म्हणून. भिंतीला हात लावला तर हाताला हादरा लागत होता. त्यांना वीस वर्षांत हे माहीतच नव्हतं, कारण आपल्या घरात आपल्याला आवाज ऐकू येतो, दुसऱ्याच्या भिंतीत जाणारा हादरा कळत नाही. ग्राइंडर दोन्ही घरांमधल्या सामाईक भिंतीला टेकवून थेट लादीवर ठेवलेला होता. तो समोरच्या बाजूला सरकवला आणि खाली जाड रबराची मॅट टाकली. पीठ रात्री नऊच्या आत वाटून ठेवायचं ठरलं. इडलीचं पीठ तसंही रात्रभर आंबायला लागतं, पहाटे वाटलं जायचं ते वड्याचं, आणि ते फ्रीजमध्ये राहू शकतं. प्रश्न संपला.

"मला त्रास होतो" या वाक्यापेक्षा "येऊन बघा" हे वाक्य जास्त काम करतं. शक्य असेल तिथे समोरच्याला तुमच्या घरात आणून तो आवाज, तो वास दाखवा.

आणि बोलताना उपाय सोबत घेऊन जा. "काहीतरी करा" म्हटलं की समोरच्याला कळत नाही काय करायचं. "पोती पॅसेजऐवजी तुमच्या ड्राय बाल्कनीत ठेवता येतील का?" असं विचारलं की उत्तर देता येतं.

चौथी पायरी : उपाय नेमका कुठे करायचा

तेलाचं थोडं सविस्तर लिहिते, कारण सोसायटीचा सगळ्यात जास्त पैसा यात जातो आणि सगळ्यात जास्त भांडणंही यावरूनच होतात.

आमच्या इमारतीचा मागचा चेंबर एका उन्हाळ्यात तीन वेळा तुंबला. प्लंबरने झाकण उचललं तेव्हा मी बाजूलाच उभी होते. आत पाणी दिसतच नव्हतं. वर गोठलेल्या डालड्यासारखा पिवळट-पांढरा थर, त्यात कढीपत्त्याची पानं, भाताची शितं आणि भांडी घासायच्या तारेचे तुकडे अडकलेले. त्याने सळई घातली तर ती मऊ साबणात जावी तशी आत गेली. गरम तेलकट पाणी सिंकमधून जाताना पातळ असतं. पाइपात थंड होतं, भिंतीला चिकटतं, आणि त्यावर पुढचं बसत जातं. शेवटी तळमजल्यावरच्या किंवा पहिल्या मजल्यावरच्या माणसाच्या बाथरूममधून पाणी वर येतं. त्याचा त्या धंद्याशी काही संबंध नसतो आणि त्याला वाटतं आपलाच पाइप खराब आहे.

खूप जण सिंकमध्ये सोडा आणि उकळतं पाणी ओततात. त्याने आपला पाइप मोकळा होतो, पण तेल नाहीसं होत नाही. ते एक मजला खाली जाऊन तिथे गोठतं. खरे उपाय असे. कढई आणि झारे धुण्याआधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्यायचे. उरलेलं तेल थंड करून डब्यात भरायचं, सिंकमध्ये नाही. वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याचा 'रुको' नावाचा उपक्रम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सुरू केला. मोठ्या शहरांत असं तेल विकत घेणारे लोक आता घरपोच येतात, म्हणजे त्या तेलाचे थोडे पैसेही मिळतात. शिवाय सिंकला बारीक जाळी हवीच.

रोजचं तळण असेल तर सिंकखाली ग्रीस ट्रॅप बसवून घ्यायला सांगा. तो एक डबाच असतो. त्यात पाणी संथ होतं, तेल वर तरंगतं आणि खालून पाणी पुढे जातं. दर आठवड्याला तो रिकामा करावा लागतो, नाहीतर त्यालाच वास मारतो. हे बसवून देताना सांगा, नंतर नको. आमच्याकडे खर्च त्या कुटुंबाने केला आणि चेंबर साफ करायचा त्या वेळचा खर्च सोसायटीने उचलला. मला ती वाटणी योग्य वाटली.

धुराचं आणि वासाचं बघताना आधी एक्झॉस्ट फॅनचं तोंड कुठे आहे ते पाहा. बहुतेक इमारतींत तो डक्टमध्ये उघडतो आणि डक्टमध्ये सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या असतात. चिमणीची जाळी महिनोन्महिने धुतलेली नसेल तर ती तेल धरत नाही, ते थेट बाहेर जातं. जाळी दर आठवड्याला धुणं हा फुकटचा उपाय आधी करून बघावा. पाइप गच्चीपर्यंत न्यायचा असेल तर बाहेरच्या भिंतीला हात लागतो, म्हणून सोसायटीची लेखी परवानगी लागेल.

शिलाई मशीनला ग्राइंडरचाच उपाय, रबर आणि भिंतीपासून अंतर. पार्सलवाल्या मुलांची ये-जा जास्त असेल तर पार्सल गेटवर सोपवायची ठरावीक वेळ ठरवता येते. कचऱ्याला फार बोलायला नको : ओला वेगळा, सुका वेगळा, आणि रोजचा कचरा घरगुती बादलीत मावत नसेल तर जास्तीचा उचलायची सोय व्यवसाय करणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने करायची.

वासाबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. सुकट, बोंबील, मटण यांच्या वासाच्या तक्रारी माझ्याकडे यायच्या, आणि त्यातल्या कित्येक धंद्याबद्दल नसायच्या. त्या कोण काय खातं याबद्दल असायच्या. तळलेल्या चकलीचा धूर चालतो आणि तळलेल्या मासळीचा चालत नाही, असं असेल तर ती तक्रार देऊ नका. मी अशा अर्जांवर सही घेतली नाही आणि कुठल्याही सेक्रेटरीने घेऊ नये. तळणीचा धूर खिडकीतून आत येतोय, हे मोजता येतं. त्याची तक्रार करा, मग कढईत काहीही असो.

पाचवी पायरी : लेखी तक्रार

बोलून महिना झाला आणि काहीच बदललं नाही, तर लिहा. पत्र एका पानाचं असावं, असं :

"मा. सचिव,
विषय : सामाईक सांडपाणी वाहिनीत तेल सोडले जात असल्याबाबत.
मी फ्लॅट क्र. १०२ ची सदस्य आहे. गेल्या दोन महिन्यांत माझ्या बाथरूममध्ये चार वेळा तेलकट पाणी वर आले (तारखा व फोटो सोबत जोडले आहेत). वरच्या फ्लॅटमधील रहिवाशांशी ८ तारखेला प्रत्यक्ष बोलले आहे. सिंकखाली ग्रीस ट्रॅप बसवावा व पुढील तीन महिने चेंबरची दरमहा तपासणी व्हावी, अशी विनंती आहे."

बघा, यात "धंदा" हा शब्दच नाही. दोन प्रती काढा, एकीवर तारीख आणि सहीशिक्क्याची पोच घ्या. ईमेलही पाठवा. आदर्श उपविधींप्रमाणे कमिटीने अशी तक्रार पुढच्या सभेत ठेवून निर्णय घ्यायचा असतो आणि त्यानंतर १५ दिवसांत तक्रारदाराला कळवायचा असतो. सभेचं इतिवृत्त मागा.

भाड्याने राहत असाल तर तुम्ही सदस्य नाही. म्हणून सोसायटीकडचं पत्र घरमालकाच्या सहीने द्या. महापालिका किंवा पोलिसांकडे जायला मात्र कोणत्याही रहिवाशाला अडचण नाही.

सहावी पायरी : सोसायटीच्या बाहेर

प्रत्येक कार्यालय आपापलाच विषय बघतं. चुकीच्या दारात गेलात की महिना फुकट जातो. ड्रेनेज आणि कचरा महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात. वापरातला बदल असेल तर तिथल्याच नगररचना किंवा अतिक्रमण विभागात. अन्नाच्या स्वच्छतेचं आणि नोंदणीचं अन्न व औषध प्रशासनाकडे. अडलेला जिना आणि साठवलेल्या टाक्या अग्निशमन दलाकडे. त्यासाठी महाराष्ट्रात २००६ चा स्वतंत्र आग प्रतिबंधक कायदा आहे. रात्रीचा आवाज, शिवीगाळ किंवा धमकी असेल तर पोलीस, तातडी असेल तर ११२.

कमिटीच हलत नसेल तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. संस्थेशी उपविधींवरून वाद असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकारी न्यायालय आहे. तिथे वेळ लागतो, वकीलही लागतो. उपद्रव अख्ख्या वस्तीला होत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी तो हटवण्याचा आदेश काढू शकतात. जुन्या लोकांना हे कलम १३३ म्हणून माहीत असेल. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन मध्यस्थीची चौकशी करा, असं मी सुचवेन. खर्च नगण्य असतो, आणि शेजाऱ्याला आरोपी न करता तिऱ्हाईत माणसासमोर बसवता येतं.

अर्ज दिला आणि उत्तर आलं नाही, तर महिनाभराने माहिती अधिकारात "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली" एवढंच विचारा. शुल्क १० रुपये, आणि उत्तर ३० दिवसांत द्यायचं असतं. माझ्या अनुभवात पडून राहिलेली फाइल याने हलते.

हे करू नका

शेजाऱ्याच्या घरातलं चित्रीकरण करू नका. आपल्या दारातून दिसणारा पॅसेज, आपल्या बाथरूममधलं पाणी, एवढेच फोटो पुरेसे असतात. सोसायटीने पाणी किंवा वीज तोडावी असा आग्रह धरू नका. तसं केलं तर सोसायटीच अडचणीत येते. डिलिव्हरीच्या मुलांना गेटवर अडवून ठेवू नका, त्यांचा यात काही दोष नसतो. आणि एकाच दिवशी सहा खात्यांना अर्ज करू नका. सहा खाती एकदम दारात आली की त्या घराची कमाईच थांबते, आणि त्यानंतर तुमच्याशी बोलायला कोणी उरत नाही.

मिटल्यावर

जे ठरलं ते कागदावर घ्या, चार ओळी पुरतात. ग्राइंडर रात्री नऊच्या आत, ट्रॅप दर शनिवारी रिकामा, पोती पॅसेजमध्ये नाहीत. दोघांच्या सह्या, एक प्रत सोसायटीच्या फाइलमध्ये. दिवाळीसाठी वेगळं बोला, आणि ते गणपती झाल्या झाल्या बोला, कारण ऑर्डरी तेव्हापासून घेतल्या जातात. त्या तीन आठवड्यांत तळण किती वाजेपर्यंत चालेल, जादा टाकी कुठे राहील आणि चेंबर कोणत्या दिवशी उघडून पाहायचा, हे तेव्हाच ठरवून घ्या. आमच्याकडे चेंबर तपासायची तारीख अजूनही नोटीस बोर्डावर लावतात, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू त्या दिवशी स्वतः खाली येऊन उभ्या राहतात.